माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी : कोलकाता येथील व्यवस्था

सैन्यदलातून निवृत्त झालेल्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतरही वैद्यकीय सेवा मिळावी, यासाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ‘ईसीएचएस’, सुरू केली. या योजनेत उपचारांचा निर्णय डॉक्टर घेतात, मात्र योजनेचे प्रशासन प्रामुख्याने लष्करी अधिकाऱ्यांकडे आहे. त्यामुळे या व्यवस्थेतील वरिष्ठ डॉक्टरांचे नेमके स्थान कोणते आणि रुग्णाच्या उपचारांची जबाबदारी अखेर कोणावर असते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय, विभागाचे सर्वांत मोठे रुग्णालय आणि योजनेचे प्रादेशिक केंद्र ही तिन्ही कोलकाता शहरात असल्याने या व्यवस्थेचे चित्र तेथे स्पष्टपणे दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतातील लष्करी वैद्यकीय सेवेचा आरंभ कोलकात्याशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यासाठी १७६४ मध्ये बंगाल मेडिकल सर्व्हिसची स्थापना झाली. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या स्वतंत्र वैद्यकीय सेवा १८९६ मध्ये एकत्र करण्यात आल्या आणि इंडियन मेडिकल सर्व्हिस अस्तित्वात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ३ एप्रिल १९४३ रोजी, या सेवेसह इतर लष्करी वैद्यकीय शाखांचे एकत्रीकरण करून आर्मी मेडिकल कोअरची उभारणी करण्यात आली.

स्वातंत्र्यानंतरच्या रचनेतही कोलकात्याचा वाटा मोठा आहे. तिन्ही सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवांचे एकत्रीकरण कसे करावे, याचा विचार करण्यासाठी १९४७ मध्ये एक समिती नेमण्यात आली. कोलकात्याचे नामवंत डॉक्टर आणि पुढे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झालेले डॉ. बिधानचंद्र रॉय हे या समितीचे अध्यक्ष होते. तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एका महासंचालकाच्या देखरेखीखाली असावी, अशी दिशा या समितीने दिली. समितीच्या शिफारशीनुसार १ मे १९४८ रोजी पुणे येथे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेतील अनेक वरिष्ठ डॉक्टर पुण्याच्या या महाविद्यालयात शिकलेले आहेत.

सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेचे महासंचालकपद हे या सेवेतील सर्वोच्च पद होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन यांनी या पदाची सूत्रे स्वीकारली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला आहेत. मराठी वाचकांना परिचित असलेल्या बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. माधुरी कानिटकर यांना फेब्रुवारी २०२० मध्ये लेफ्टनंट जनरलपदी बढती मिळाली होती. लष्करी सेवेनंतर २०२१ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नियुक्ती झाली.

योजनेची गरज का भासली

योजना सुरू होण्यापूर्वी निवृत्त सैनिकांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळत असत. तथापि तेथे सेवेतील सैनिकांना प्राधान्य असल्याने खाटा आणि औषधे शिल्लक असतील तरच निवृत्तांचा विचार होत असे. शिवाय लष्करी रुग्णालये छावण्यांच्या ठिकाणी असतात, तर बहुसंख्य जवान निवृत्तीनंतर आपल्या गावी परततात. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील माजी सैनिकांची जी अडचण होती, तीच बंगालमधील बांकुडा किंवा पुरुलियाच्या माजी सैनिकांचीही होती.

केंद्र सरकारने ३० डिसेंबर २००२ रोजी योजनेला मंजुरी दिली. प्रारंभी देशभरात २२७ पॉलिक्लिनिक मंजूर करण्यात आली. २०१० मध्ये त्यांत आणखी १९९ पॉलिक्लिनिकची भर पडली. निवृत्तीवेतनधारक माजी सैनिक, त्यांच्या पत्नी किंवा पती, अवलंबित मुले व आईवडील आणि कुटुंब निवृत्तीवेतन घेणाऱ्या विधवा हे योजनेचे लाभार्थी आहेत. सदस्यत्वासाठी एकदाच अंशदान भरावे लागते. डिसेंबर २०१७ मधील सुधारित दरांनुसार ही रक्कम हवालदारापर्यंतच्या जवानांसाठी ३० हजार रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या दर्जासाठी ६७ हजार रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये अशी ठरविण्यात आली. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात वीरमरण आलेल्या सैनिकांच्या पत्नींना अंशदान माफ आहे. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक तसेच निवृत्तीवेतन नसलेले आपत्कालीन आणि अल्पमुदतीच्या सेवेतील अधिकारी यांनाही मार्च २०१९ मध्ये योजनेत प्रवेश देण्यात आला.

योजनेवरील खर्च सतत वाढत आहे. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ६ हजार ९६८ कोटी रुपयांची तरतूद होती. २०२५-२६ मध्ये ती ८ हजार ३१७ कोटी रुपये करण्यात आली.

कोलकात्यातील तीन स्तर

कोलकात्यात माजी सैनिकाच्या उपचारांशी संबंधित वैद्यकीय नेतृत्व तीन ठिकाणी विभागलेले आहे.

पहिला स्तर पॉलिक्लिनिकचा. येथे रुग्णाची तपासणी होते, औषधे दिली जातात आणि गरज असल्यास मोठ्या रुग्णालयासाठी शिफारसपत्र, म्हणजेच रेफरल, दिले जाते. पॉलिक्लिनिकमध्ये खाटा नसतात. त्याचा प्रभारी हा सामान्यतः निवृत्त लष्करी अधिकारी असतो आणि तो डॉक्टर असेलच असे नाही. तेथील वैद्यकीय अधिकारी, तज्ज्ञ डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. प्रशासनाच्या दृष्टीने पॉलिक्लिनिक स्थानिक लष्करी ठाण्याच्या स्टेशन कमांडरच्या अखत्यारीत येते. वैद्यकीय बाबींत मात्र ठाण्यातील वरिष्ठ कार्यकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे मार्गदर्शन घ्यावे लागते. लष्करी परिभाषेत या अधिकाऱ्याला ‘सेमो’ म्हणतात. औषधांची मागणी, साठ्यात नसलेल्या औषधांची खरेदी आणि वैद्यकीय कामकाजावरील देखरेख या बाबी त्याच्याशी संबंधित असतात.

दुसरा स्तर अलीपूर भागातील कमांड हॉस्पिटलचा. लष्कराच्या पूर्व विभागाचे हे प्रमुख रुग्णालय असून पश्चिम बंगाल, सिक्कीम आणि ईशान्येकडील राज्यांत तैनात सैनिकांपैकी गंभीर रुग्ण येथे पाठविले जातात. रुग्णालयाचा कमांडंट हा मेजर जनरल दर्जाचा डॉक्टर असतो. त्याच्या हाताखाली निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ काम करतात. त्यांना अनुभवानुसार ‘ग्रेडेड स्पेशालिस्ट’, ‘क्लासिफाइड स्पेशालिस्ट’ आणि ‘सीनिअर ॲडव्हायझर’ अशा श्रेणी दिल्या जातात. खाट उपलब्ध असल्यास माजी सैनिकांना या रुग्णालयात पाठविले जाते. मात्र सीमेवर तणाव असेल किंवा डोंगराळ भागातून रुग्ण येत असतील, तर सेवेतील जवानांना प्राधान्य द्यावे लागते. किती खाटा निवृत्तांसाठी वापरता येतील, हा कमांडंटपुढील नित्याचा प्रश्न असतो.

तिसरा स्तर योजनेच्या प्रादेशिक केंद्राचा. केंद्राचा संचालक लष्करी अधिकारी असतो, तर आरोग्यसेवेसाठीचा सहसंचालक हा वैद्यकीय सेवेतील अधिकारी असतो. योजनेच्या यादीवर असलेल्या खासगी रुग्णालयांतील उपचार आवश्यक होते काय, केलेल्या चाचण्या आणि शस्त्रक्रिया आजाराशी सुसंगत आहेत काय, देयके ठरलेल्या दरांप्रमाणे आहेत काय, याची वैद्यकीय छाननी येथे होते. हे दर सर्वसाधारणपणे केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरांशी जोडलेले आहेत. देयकांची ऑनलाइन प्रक्रिया २०१२ पासून सुरू झाली.

या तिन्ही स्तरांच्या वर, पूर्व विभागाच्या मुख्यालयात मेजर जनरल दर्जाचा वैद्यकीय अधिकारी असतो. हे मुख्यालय १९६३ पासून कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ल्याच्या नावावरून लष्कराने या किल्ल्याला ‘विजयदुर्ग’ हे नाव दिले असून फेब्रुवारी २०२५ मध्ये हा बदल जाहीर झाला.

जबाबदारीची विभागणी आणि तिचे परिणाम

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र सरकारी रुग्णालयांचे जाळे आहे. तेथील प्रत्येक वैद्यकीय केंद्रात संचालकाखालोखाल ‘चीफ ऑफ स्टाफ’ हे वरिष्ठ डॉक्टरचे पद असते. केंद्रातील सर्व डॉक्टरांचे काम, उपचारांचा दर्जा आणि वैद्यकीय शिक्षण यांची जबाबदारी त्या एका व्यक्तीकडे असते. अर्थात असे पद असल्याने सर्व प्रश्न सुटतात असे नाही. २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथे प्रतीक्षायादीतील गैरप्रकार उघडकीस आले आणि त्या विभागाचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना पद सोडावे लागले. तथापि वैद्यकीय प्रश्नासाठी उत्तरदायी कोण, हे तेथे निश्चित असते.

भारतात अशी स्वतंत्र रुग्णालये उभारण्याऐवजी पॉलिक्लिनिक, लष्करी रुग्णालय आणि खासगी रुग्णालय यांची सांगड घालण्यात आली. यामुळे कमी काळात देशभर सेवा पोहोचविणे शक्य झाले. लहान शहरांतील माजी सैनिकांना त्याचा मोठा लाभ झाला. परंतु एकाच रुग्णाच्या उपचारांचे धागे अनेक हातांत राहिले. रेफरल देणारा डॉक्टर पॉलिक्लिनिकचा, शस्त्रक्रिया करणारा खासगी रुग्णालयाचा, औषधांच्या खरेदीवर देखरेख ठेवणारा ठाण्याचा आणि देयकाची छाननी करणारा प्रादेशिक केंद्राचा, अशी ही साखळी आहे. लष्करी डॉक्टरांच्या ठरावीक काळाने बदल्या होतात, तर पॉलिक्लिनिकमधील डॉक्टरांची नेमणूक कंत्राटी असते. त्यामुळे वर्षानुवर्षे रुग्णाला ओळखणारा एकच डॉक्टर लाभणे कठीण होते.

वयोवृद्ध रुग्णांच्या बाबतीत ही बाब अधिक गंभीर ठरते. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीची सूत्रे फोर्ट विल्यममधून हलविली जात होती. त्या वेळी विशीत असलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार एकाच रुग्णात आढळतात. हृदयरोगतज्ज्ञाने दिलेले औषध मूत्रपिंडाला अपायकारक ठरणार नाही ना, दोन ठिकाणांहून एकच औषध दोनदा दिले जात नाही ना, हे कोणीतरी एकाने पाहणे आवश्यक असते. युद्धात अवयव गमावलेल्यांना कृत्रिम अवयवांसाठी पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा आधार आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात देशभरातून रुग्ण येतात. तेथून परतल्यानंतरची देखभाल मात्र पुन्हा स्थानिक पॉलिक्लिनिकलाच करावी लागते.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालात योजनेच्या कामगिरीचे परीक्षण केले होते. औषधांचा तुटवडा आणि देयकांच्या प्रक्रियेतील त्रुटी यांवर त्यात बोट ठेवण्यात आले. देयके थकली की खासगी रुग्णालये नवे रुग्ण घेण्यास नाखूश असतात आणि त्याची झळ थेट रुग्णाला बसते. म्हणूनच छाननी करणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरचे काम नाजूक आहे. छाननी सैल झाली तर सरकारी पैशाचा अपव्यय होतो. ती अकारण लांबली तर शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेतील वृद्ध सैनिकाला एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जावे लागते.

लाभार्थींनी लक्षात ठेवण्याच्या बाबी

योजनेचे कार्ड देशभर चालते. त्यामुळे महाराष्ट्रात नोंदणी असलेला माजी सैनिक कोलकात्यात मुलाकडे राहावयास गेला असेल, तर तेथील पॉलिक्लिनिकमध्ये त्याला सेवा मिळू शकते. जुन्या तपासण्यांचे अहवाल आणि चालू औषधांची यादी सोबत असल्यास नव्या डॉक्टरला निर्णय घेणे सोपे जाते.

आपत्कालीन स्थितीत रेफरलची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात दाखल होता येते. योजनेच्या यादीवरील रुग्णालयात अशा वेळी रोख रक्कम भरावी लागत नाही. यादीबाहेरील रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळविणे आवश्यक आहे. खर्चाची प्रतिपूर्ती नंतर नियमांनुसार केली जाते.

तक्रार असल्यास प्रथम पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे, त्यानंतर स्टेशन मुख्यालयाकडे आणि पुढे प्रादेशिक केंद्राकडे दाद मागता येते. दिल्ली येथील योजनेचे केंद्रीय कार्यालय ही त्यापुढील पायरी होय. औषधे किंवा उपचारांविषयीची तक्रार असेल तर ती लेखी द्यावी आणि ती वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे ठेवण्याची विनंती त्यात स्पष्टपणे करावी. प्रशासकीय आणि वैद्यकीय जबाबदारी वेगवेगळ्या हातांत असलेल्या या व्यवस्थेत तक्रार योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचणे हाच तिच्या निवारणाचा पहिला टप्पा असतो.