सुधारशाळा व अक्षरशिक्षण

अपराधी मुलास तुरुंगांत न धाडतां शाळेंत धाडावें, ही कल्पना आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, ती रुजविण्यास कोणास झटावें लागलें असेल हें ध्यानांतहि येत नाहीं. इंग्लंडांत मेरी कार्पेंटर बाईंनीं १८५१ सालीं ग्रंथ लिहून तिचा पुरस्कार केला व पुढच्याच वर्षीं ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथें तशी शाळा काढली. मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा १८५७ सालची. हिंदुस्थानासाठीं सुधारशाळांचा कायदा १८७६ सालीं झाला. १८९७ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली.

हा १८९७ चा कायदा आम्हां अध्यापकांस विचार करावयास लावतो. पंधरा वर्षांखालील मुलास शाळेंत ठेवावयाचें तें तीन वर्षांहून कमी नाहीं व सातांहून अधिक नाहीं, असें त्यांत आहे. शाळेंत काय असावें याचीहि यादी आहे: रात्रीं मुलांस निरनिराळें ठेवण्याची सोय, पाणी, अन्न, वस्त्र, अंथरूण, धंदेशिक्षण, आजाऱ्यांसाठीं जागा. लिहिण्यावाचण्याचें मात्र त्या यादींत नांव नाहीं! हातास काम लागलें कीं मन सुधारतें, हा त्या काळचा विश्वास. तो अगदींच खोटा नव्हे; पण सुतारासहि माप वाचावें लागतें.

२०१५ च्या कायद्यांत शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि विशेष गृहांतील मुदत तीन वर्षांहून अधिक नसावी असें बंधन आहे. जुन्या कायद्याची किमान मर्यादा ती नव्याची कमाल झाली. हें न्याय्यच झालें. जामीन मिळालेला मुलगा तर निरीक्षणगृहांतून थोड्याच दिवसांत घरीं जातो, आणि त्यानें जावेंच. पण शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें. मुलें बारा महिने येतात व जातात. एकाच वर्गांत एकास अक्षरओळख नाहीं, दुसऱ्यानें अपूर्णांकांशीं शाळा सोडलेली, तिसरा परीक्षेच्या उंबरठ्यावर. शिक्षकास तिघांची पारख होते न होते तोंच एक निघून जातो.

तेव्हां खरी कसोटी भिंतीबाहेर आहे. मुलाचें नांव कायदा गुप्त राखतो, परंतु नव्या शाळेंत, “मधले महिने कोठें होतास?” एवढा एक प्रश्न त्यास पुनः रस्त्यावर लोटण्यास पुरेसा होतो. हा प्रश्न विचारणारे बहुधा आपल्यासारखे सुशिक्षितच असतात. तो न विचारतां त्यास वर्गांत बसूं देणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.