ज्यांच्या मागे राज्य उरले नाही

परंडा तालुक्यातले सोनारी भैरवनाथामुळे ओळखले जाते. या देवाची भक्तमंडळी परंडा-भूमकडे आहेत तशीच करमाळा, बार्शी, माढ्याकडेही आहेत. 1948 पर्यंत मात्र या मुलखाच्या मधून सरहद्द जात होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे मुंबई इलाखा. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया, आणि मध्ये मालावर जकात घेणारा करोडगिरीचा नाका. इंग्रज गेल्यावर तेरा महिने ही रेघ खरोखरच दोन राष्ट्रांमधली असल्यासारखी झाली. निजामाने भारतात सामील व्हायचे नाकारले, 29 नोव्हेंबर 1947 रोजी 'जैसे थे' करार केला आणि ऑगस्ट 1948 मध्ये भारताविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. सोलापूरकडून निघालेल्या तुकडीने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, 17 तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने जनरल चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. आपण याला आजही 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतो. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या मोहिमेला पोलिसी कारवाईचे नाव मिळाले, आणि ज्याला युद्धच म्हटले नाही त्यातल्या मेलेल्यांना युद्धबळी म्हणण्याचा रस्ताही तिथेच बंद झाला.

त्या काळाची एक आठवण मराठवाड्याने नीट जपली आहे, आणि ती जपायलाच हवी. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. रझाकार येणार म्हटले की गावे ओस पडायची. लोक गुरेढोरे घेऊन सरहद्द ओलांडायचे, बार्शीकडे आसरा शोधायचे. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कँपांतून लढत होते. त्याआधी दहा वर्षे, 1938 मध्ये, उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीत आर्यसमाजी वेदप्रकाश मारले गेले. 1948 च्या मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात हत्याकांड झाले. ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात शोएबउल्ला खान या संपादकाचा खून झाला, कारण मुसलमान असूनही त्यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले. दर 17 सप्टेंबरला ध्वज चढतो आणि हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, ती या माणसांसाठी. त्यात काहीही कमी करावे असे मला वाटत नाही.

पण हिशेब तिथे संपत नाही. नेहरूंच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची सदिच्छा समिती 1948 च्या नोव्हेंबरअखेरीस संस्थानात आली. तीन आठवड्यांहून अधिक काळ तिने गावोगाव फिरून शेकडो माणसांशी बोलून माहिती घेतली. तिचा निष्कर्ष असा, की पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत आणि त्यानंतर संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, आणि त्यांत बहुतेक मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चारांतच मृतांचा आकडा 18 हजारांच्या खाली नाही, असे समितीने नोंदवले. लातुरात ही कत्तल वीस दिवस चालल्याचे तिला सांगण्यात आले. त्याच अहवालात शेजाऱ्यांना घरात लपवून जीव वाचवणाऱ्या हिंदूंचीही दखल आहे, आणि ती मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. अहवाल मात्र सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याचे भाग अभ्यासकांच्या लेखनातून हळूहळू बाहेर येत राहिले आणि तो सर्वसामान्य वाचकाच्या हाती पडेपर्यंत एकविसावे शतक उजाडले होते.

हे मृत विसरले गेले याचे कारण केवळ धर्मद्वेषात शोधणे मला पुरेसे वाटत नाही. दोन राष्ट्रे लढतात तेव्हा युद्धानंतर दोन्ही शिल्लक राहतात. दोघांची सरकारे आपापले मृत मोजतात, दगड उभारतात, आणि पुढे कधीतरी दोघांना त्या दगडांपुढे एकत्र उभे राहता येते. 1984 मध्ये व्हर्दनच्या पहिल्या महायुद्धातल्या रणभूमीवर फ्रान्सचे मित्तराँ आणि जर्मनीचे कोल हातात हात घेऊन उभे राहिले, ते यामुळेच शक्य झाले. हैदराबादच्या बाबतीत एक पक्ष उरलाच नाही. संस्थान विलीन झाले आणि 1956 मध्ये त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. तिथे मेलेल्या मुसलमान विणकराला, शेतमजुराला मोजणारे राज्य मागे राहिले नाही. ज्या राज्याने त्याला नागरिक केले, त्याने त्याला 'त्यांच्यातला' धरून सोडून दिले. खरे तर निजामाचा कारभार त्याने निवडला नव्हता. सोनारीच्या हिंदू कुणब्यानेही तो निवडला नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो तो बरोबरी करण्याचा: जुलूम करणारे आणि त्या जुलमाचा सूड घेणारे एकाच तराजूत कसे घालायचे? तराजू घेऊन बसायलाच कुणी सांगितलेले नाही. रझाकारांचा गुन्हा रझाकारांचा. पण वीस दिवसांच्या कत्तलीत सापडलेला माणूस रझाकार होता हे कुणी तपासून पाहिले? शिवाय हल्लेखोरांत सोलापूर आणि इतर शहरांतून आलेली हत्यारबंद माणसेही असल्याचे समिती सांगते. गावाने आपल्या छळाचा सूड घेतला, एवढ्यावर ही गोष्ट मिटत नाही. दुसरा आक्षेप आकड्यांचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो. सरदार पटेल या अहवालावर नाराज होते. समिती थोड्याच गावांत पोहोचली आणि तिने उरलेल्यांचा अंदाज बांधला. रझाकारांच्या अत्याचारांना अहवालाने पुरेसे वजन दिले नाही, ही तक्रारही खोटी नाही. पण आकडा संशयास्पद असेल तर तो पुन्हा मोजावा लागतो. संशयाचे बोट दाखवून मोजणीच टाळणे हा इतिहास नव्हे. तिसरा आक्षेप नेहमीचा: जुन्या जखमा कशाला उकरायच्या? 17 सप्टेंबर आपण दरवर्षी साजरा करतोच. म्हणजे जखम झाकलेली नाही, तिची एकच बाजू उघडी ठेवलेली आहे. या एका तारखेला आज तेलंगणाचे राज्य सरकार एक नाव देते, कर्नाटक दुसरे, केंद्र तिसरे. नावांवरून एवढी ओढाताण चालते, पण मेलेल्यांची पूर्ण यादी यांपैकी कुणाजवळही नाही.

या मुलखाला मृतांसाठी दगड उभा करण्याची सवय जुनी आहे. देवळाच्या आवारात, मारुतीच्या पारापाशी वीरगळ दिसते. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. कोण जिंकले, राजा कोण होता, हे दगड सांगत नाही. तरी त्याला शेंदूर लागतो. अर्थात वीरगळ लढणाऱ्याची असते. विहिरीत ढकललेल्या बाईची नसते, पळताना गाठलेल्या पोराची नसते. म्हणून नुसती परंपरा इथे पुरत नाही. सगळे मृत एकत्र लिहिण्याची उदाहरणे बाहेर सापडतात. जपानच्या ओकिनावा बेटावर 1995 मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या शिळांवर 2 लाख 40 हजारांहून अधिक नावे आहेत: बेटावरचे नागरिक, जपानी सैनिक आणि त्यांच्याशी लढलेले अमेरिकनसुद्धा. फ्रान्समध्ये नोत्र दाम द लोरेतला 2014 मध्ये उघडलेल्या स्मारकवर्तुळात सुमारे 5 लाख 80 हजार नावे हुद्दा किंवा देश न लिहिता केवळ वर्णक्रमाने लावली आहेत, आणि त्यांत हिंदुस्थानी शिपाईही आहेत.

अशी यादी आपल्याकडे दिल्ली-मुंबईत बसून होणार नाही. ती गावातच करावी लागेल. 1948 नंतरचे जमिनीचे फेरफार, जन्ममृत्यूची जुनी दप्तरे, दर्ग्याच्या आणि मशिदीच्या मुजावरांकडची माहिती, बार्शीकडे पळून गेलेल्या घरांच्या आठवणी, रझाकारांनी मारलेल्यांच्या कुटुंबांकडचे कागद, हे सगळे एका वहीत आणावे लागेल. नावे वर्णक्रमाने लिहावीत. कुणी मारले ते दुसऱ्या रकान्यात. जे तेव्हा दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. फेरफाराचा कागद पुढच्या वर्षीही दप्तरात सापडेल. कुठल्या विहिरीचे पाणी त्या साली गावाने पिणे सोडले, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल.