माद्रिदवरील चढाई, १९३६

स्पेनमधील यादवी युद्धात (१९३६–३९) जनरल फ्रँको याच्या राष्ट्रवादी सैन्याने राजधानी माद्रिद जिंकण्यासाठी नोव्हेंबर १९३६ मध्ये केलेली अयशस्वी लष्करी मोहीम.

जुलै १९३६ मध्ये प्रजासत्ताक शासनाविरुद्ध झालेला लष्करी उठाव माद्रिदमध्ये फसला. त्यानंतर मोरोक्कोतील आफ्रिकी सेना जर्मन व इटालियन विमानांच्या साहाय्याने दक्षिण स्पेनमध्ये उतरून राजधानीकडे निघाली. ३ सप्टेंबर रोजी तिने तालाव्हेरा घेतले. तथापि फ्रँकोने सैन्य तोलेदोकडे वळवून तेथील अल्काझार किल्ल्यात वेढल्या गेलेल्या आपल्या शिबंदीची सुटका केली. यामुळे त्याची प्रतिष्ठा वाढली आणि १ ऑक्टोबर रोजी तो राष्ट्रवादी पक्षाचा सर्वाधिकारी झाला. परंतु माद्रिदला तयारीस अवधी मिळाला आणि सोव्हिएट रणगाडे व विमाने येऊन पोहोचली.

६ नोव्हेंबर रोजी शासनाने व्हॅलेन्शियाला स्थलांतर केले. शहराचे रक्षण जनरल मियाहा याच्या अध्यक्षतेखालील संरक्षण मंडळाकडे आले व व्हीसेंते रोहो याने युद्धयोजना आखली. दुसऱ्याच दिवशी निकामी झालेल्या एका इटालियन रणगाड्यातील मृत अधिकाऱ्याजवळ जनरल व्हारेला याचा हल्ल्याचा आदेश सापडला. दक्षिणेकडील काराबांचेल उपनगरात केवळ हुलकावणी देऊन पश्चिमेच्या कासा दे काम्पो या उद्यानातून मुख्य चढाई करण्याचा बेत त्यातून उघड झाला. रोहोने त्यानुसार फौजा हलविल्या. ८ नोव्हेंबरला अकरावी आंतरराष्ट्रीय ब्रिगेड शहरात दाखल झाली. मात्र संरक्षणाचा मुख्य भार स्पॅनिश सैनिक व कामगारांच्या सशस्त्र पथकांनीच उचलला.

१५ नोव्हेंबर रोजी हल्लेखोर मांझानारेस नदी ओलांडून विद्यापीठनगरात शिरले. तेथे एकेका इमारतीसाठी व मजल्यासाठी झुंज झाली. विमानांच्या बॉम्बवर्षावात अनेक नागरिक मारले गेले, तरी शहराचा प्रतिकार मोडला नाही. अखेर २३ नोव्हेंबर रोजी फ्रँकोने समोरून हल्ला करणे थांबविले.

या संरक्षणाला एक काळी बाजूही होती. शहरात शत्रूचे छुपे हस्तक असल्याच्या भीतीतून ‘पंचमस्तंभी’ ही संज्ञा रूढ झाली. याच सुमारास तुरुंगांतून बाहेर काढलेल्या दोन हजारांहून अधिक कैद्यांची पाराक्वेयोस व तोर्रेहोन येथे हत्या करण्यात आली.

व्हारेलाजवळ सुमारे २०,००० सैनिक होते. उघड्या मैदानात वेगवान हालचालींनी विजय मिळविणारे हे सैन्य दहा लाख वस्तीच्या शहरातील रस्त्यांत अडकून पडले. राजधानी बिनविरोध पडेल, ही अपेक्षाच चुकीची ठरली. पुढे हारामा व ग्वादालाहारा येथील लढायांतही (१९३७) माद्रिदची कोंडी करण्याचा प्रयत्न फसला आणि काही आठवड्यांत संपेल असे वाटलेले युद्ध तीन वर्षांच्या घरात गेले. प्रजासत्ताक पक्षात अंतर्गत फूट पडल्यानंतर २८ मार्च १९३९ रोजी राष्ट्रवादी सैन्याने माद्रिदमध्ये प्रवेश केला. तेव्हा त्यास प्रतिकार झाला नाही.