लॅस्कर : एका शब्दाची समुद्रयात्रा

एजवेअरचे भुयारी रेल्वेचे स्थानक १९२४ साली सुरू झाले. तेथून निघणारी नॉर्दर्न मार्गावरील गाडी प्रवाशास बँक स्थानकापर्यंत नेते, आणि तेथे गाडी बदलली की अर्ध्या घटकेत लाइमहाउसचा जुना गोदीविभाग येतो. ह्या भागातील वेस्ट इंडिया गोदी १८०२ साली उघडली ती मुख्यतः साखरेसाठी. पुढे १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली, तेव्हा त्या बेटाच्या साखरेलाही इंग्लंडची बाजारपेठ मोकळी झाली. ह्या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी ज्या उसाच्या मळ्यांत घाम गाळला, त्या मळ्यांची साखर लंडनच्या गोद्यांत उतरत असे. आणि तेथून जवळच, वेस्ट इंडिया डॉक रोडवर, १८५७ साली ‘स्ट्रेंजर्स होम’ नावाचे एक वसतिगृह उघडले. आशिया, आफ्रिका व दक्षिण समुद्रातील बेटे येथून आलेल्या निराश्रित खलाशांसाठी ते होते. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग ह्यांनी त्यास देणगी दिली होती. तेथे उतरणाऱ्या हिंदी मनुष्यास इंग्रज लोक ‘लॅस्कर’ म्हणत. मॉरिशसच्या मळ्यात राबणाऱ्या त्याच्या देशबांधवास तेच लोक ‘कुली’ म्हणत.

कुली ह्या शब्दाची कथा गिरमिटियांच्या वंशजांस पुरेशी ठाऊक आहे. लॅस्कर शब्दाची तितकीशी नाही. आणि तरीही ती मराठी माणसास अधिक जवळची आहे, कारण हा शब्द रोज त्याच्या तोंडी असतो. तो म्हणजे आपल्या भाषेतील ‘लष्कर’.

मूळ शब्द फारसी आहे व त्याचा अर्थ सैन्य असा होतो. मराठीने तो घेतला आणि त्याचा मान राखला. पुण्यात इंग्रजांची छावणी पडली तिलाही लोकांनी ‘लष्कर’ हेच नाव दिले. शब्दाच्या वाट्याला आलेला विनोदही सैन्याचाच आहे. दुसऱ्यासाठी फुकट खपणाऱ्यास लष्कराच्या भाकरी भाजणारा असे म्हणण्याची रीत मराठीत आहे. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजिला त्याच्या मनात शिपायांची पंगत असणार, आगबोटीची भट्टी खासच नव्हती. परंतु लॅस्करांचा पुढचा इतिहास पाहता तो त्यांनाही अगदी चपखल बसतो.

हा जमिनीवरचा शब्द समुद्रावर गेला कसा? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर पाय रोवले, तेव्हा त्यांनी ‘लश्करी’ शब्दावरून ‘लस्करिम’ असे रूप बनविले आणि ते हिंदी शिपाई व हिंदी खलाशी अशा दोघांसही लावले. त्या काळच्या गलबतावर लढणारा व शीड ओढणारा हे दोघे फारसे निराळे नसत, हे त्यास कारण असावे. सिंहलद्वीपात हाच शब्द पोर्तुगीज व डच ह्यांच्या स्थानिक शिपायांस चिकटला. येथे एक गमतीची अदलाबदल दिसते. पोर्तुगीजांनी येथील सैन्यवाचक शब्द घेऊन तो खलाशास दिला, तर मराठीने पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून ‘आरमार’ हा शब्द केला. कान्होजी आंग्रे ह्यांच्या ज्या आरमाराने त्या फिरंग्यांस जेरीस आणले, त्याचे नाव त्या फिरंग्यांच्याच भाषेतले आहे!

इंग्रजांनी सतराव्या शतकात हा शब्द उचलला. कंपनीच्या फौजेत ‘गन लॅस्कर’ म्हणजे तोफा ओढणारा व ‘टेंट लॅस्कर’ म्हणजे तंबू ठोकणारा. दोघांचाही दर्जा शिपायाहून खालचा. सैन्य ह्या अर्थाचा शब्द सैन्यातच हमालाच्या पायरीवर उतरला. फौजेतील हा अर्थ पुढे मागे पडला आणि समुद्रावरचा तेवढा राहिला : लॅस्कर म्हणजे युरोपीय जहाजावर चाकरी करणारा आशियाई खलाशी. मग तो बंगालचा असो, काठेवाडचा असो, एडनचा असो की रत्नागिरीचा.

जहाजावर ह्या लोकांची एक स्वतंत्र भाषाच होती. टॉमस रोबक ह्याने १८११ साली इंग्रजी व हिंदुस्तानी नौकाशब्दांचा कोश केला. त्याची सुधारलेली आवृत्ती १८८२ मध्ये ‘लस्करी’ कोश ह्या नावाने निघाली. म्हणजे मराठीत ‘लष्करी’ म्हटले की कवायत आठवावी, आणि इंग्रज कप्तानास त्याच शब्दाने डोलकाठी व दोरखंड आठवावेत! ह्या भाषेतील अधिकारपदे कोकणच्या माणसास परकी वाटणार नाहीत. खलाशांच्या टोळीचा प्रमुख तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, स्वयंपाक करणारा भंडारी. इंग्रजांनी ह्यांची सेरँग, टिंडल, सीकनी अशी रूपे केली. रत्नागिरीपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर सारंग व तांडेल ही आडनावे आजही आहेत, आणि ती हिंदूंत आहेत तशी मुसलमानांतही आहेत.

शब्दास खरा घाव बसला तो कायद्याने. १६६० च्या नौकानयन कायद्याप्रमाणे इंग्रजी जहाजाचा कप्तान व तीनचतुर्थांश खलाशी इंग्रज असणे आवश्यक होते. हिंदी खलाशी हा इंग्रज राजाचा प्रजाजन झाल्यावर त्याची गणना कशात करावयाची? १८२३ च्या कायद्याने उत्तर दिले : लॅस्कर कंपनीच्या मुलखात जन्मलेला असला तरी तो ब्रिटिश खलाशी समजला जाणार नाही, त्यास इंग्लंडात राहू न देता परत पोचविण्याची जबाबदारी जहाजाच्या मालकावर राहील. येथपर्यंत लॅस्कर हा एका धंद्याचा वाचक होता. ह्यानंतर तो एका दर्जाचा वाचक झाला. एकाच जहाजावर एकच दोर ओढणाऱ्या दोन माणसांपैकी एक ‘सीमन’ आणि दुसरा ‘लॅस्कर’. आणि दुसऱ्याचे वेतन पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बहुधा कमी. त्याची निजण्याची जागाही कमी आणि शिधाही निराळा.

गिरमिटियांच्या वंशजांस ह्यात काही ओळखीचे दिसेल. गिरमिट म्हणजे ‘अॅग्रीमेंट’. लॅस्करही करारावरच चढे. गिरमिटियाचा करार बहुधा पाच वर्षांचा, लॅस्करचा एकदोन वर्षांचा. एका गोष्टीत मात्र दोघांची गत अगदी उलट होती. लॅस्करास राहावयाचे असले तरी राहण्याची मुभा नव्हती. गिरमिटियास परत जावयाचे असले तरी जाणे सोपे नव्हते, आणि मॉरिशसपुरती तर परतीच्या फुकट प्रवासाची सोयही पुढे काढून घेण्यात आली. मालकाच्या सोयीप्रमाणे एकास हाकलणे व दुसऱ्यास अडकविणे, हे दोन्ही एकाच राज्यकर्त्यांच्या कायद्याने झाले.

तरीही पुष्कळ लॅस्कर लंडनच्या रस्त्यांवर अडकून पडत. १७८६ मध्ये लंडनातील काळ्या गरिबांच्या मदतीसाठी जी समिती निघाली, तिला पहिली चालना मिळाली ती थंडीने कुडकुडणाऱ्या लॅस्करांच्या दुर्दशेमुळे. इंग्रजी कथांत मात्र ह्या दुर्दैवी माणसाचा खलपुरुष झाला. कॉनन डॉइलच्या १८९१ मधील एका शेरलॉक होम्स कथेत नदीकाठच्या अफूच्या अड्ड्याचा चालक एक लॅस्करच आहे. धंदा, मग दर्जा, मग संशय अशा पायऱ्यांनी हा शब्द खाली आला.

मॉरिशसमध्ये त्याचे काय झाले, हा भाग सर्वांत विलक्षण आहे.

गिरमिटियांच्या पुष्कळ आधी, फ्रेंचांच्या अमदानीतच, पोर्ट लुई बंदरात हिंदी खलाशी व कारागीर वसले होते. शहराच्या पूर्वेस त्यांच्या वस्त्या होत्या. त्यांपैकी एक ‘काँ दे लास्कार’, म्हणजे लॅस्करांची वस्ती. हे खलाशी बहुतांशी मुसलमान होते. १८०५ साली त्यांनी तेथे मशीद उभारली. त्या बेटावरील ती पहिली मशीद. फ्रेंचांच्या व त्यांच्या गुलामांच्या दृष्टीस जो मुसलमान पडे तो बहुधा लॅस्कर असे, म्हणून लॅस्कर म्हणजे मुसलमान असे समीकरण बनले. पुढे १८१० मध्ये इंग्रज आले आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजाने ३६ मजूर उतरविले. त्यानंतर सुमारे साडेचार लाख माणसे त्या बंदरातून बेटावर आली. बिहारच्या ज्या मुसलमान शेतकऱ्याने जहाज प्रथम पाहिले ते कलकत्त्यास, तोही क्रिओल भाषेत ‘लास्कार’ ठरला. कच्छ व सुरतेचे पेढीवाले व्यापारीही ‘लास्कार’. आणि ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या नावा होत्या अशा हिंदू कोळ्यास वा खारव्यास त्या बेटावर कोणी लास्कार म्हटले नसते! त्यास ‘मालबार’ म्हटले असते. कारण मलबार किनाऱ्याचे नाव तेथे असेच ताणले जाऊन हिंदू ह्या अर्थी रूढ झाले होते. गंगाकाठचा भोजपुरी ब्राह्मणही मालबार.

मुंबई बंदरातून जी मराठी माणसे मॉरिशसला गेली, त्यांची ह्या नामकरणाने मोठी पंचाईत केली. त्यांतील बरेच कोकणातले. ज्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून हिंदू कुणबी गेला, त्याच किनाऱ्यावरून मुसलमानही गेले. मॉरिशसमध्ये ‘कोकनी’ म्हणून ओळखला जाणारा मुसलमान समाज आहे तो ह्या किनाऱ्याचाच. दोघांच्या घरची बोली एकमेकांस समजणारी, भात व मासळी एकच, सारंग-तांडेल हे शब्द एकच. बंदरावर उतरताच एक मालबार झाला आणि दुसरा लास्कार. जो शब्द समुद्रावर कोणाचाही धर्म विचारीत नव्हता, तो जमिनीवर येताच धर्माखेरीज दुसरे काही सांगेनासा झाला. दोन्ही शब्दांना पुढे शिवीची धार आली. १९६८ च्या मॉरिशस राज्यघटनेत हिंदू व मुस्लिम हेच शब्द आहेत. बाजारातील भांडणात मात्र जुने शब्द ऐकू येतात.

गिरमिटियांच्या जहाजांवर खलाशी म्हणून अनेकदा हेच लॅस्कर असत. कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या कथांत जहाजी भाई असतो. दोर ओढणारा लॅस्कर सहसा नसतो. ११ मे १८८४ रोजी फिजीच्या नासिलाई खडकावर ‘सिरिया’ हे जहाज फुटले. ५९ माणसे बुडाली. त्यांत ५६ गिरमिटिये आणि ३ लॅस्कर होते. सरकारी कागदांत ते वेगवेगळ्या सदरांत मांडलेले असले, तरी त्यांना घेऊन गेलेली लाट एकच होती.

सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, आगबोटी वाढल्या, आणि लॅस्करांची संख्याही. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर ते ५० हजारांच्या आसपास होते. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवर कोकणचे व गुजराथ किनाऱ्याचे लोक, भट्टीवर पंजाबी व पठाण, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती अशी वाटणीच पडून गेली होती. पण ह्या लोकांनी स्वतःच्या संघटना काढल्या तेव्हा लॅस्कर शब्द टाकून दिला. आफताब अली ह्यांनी १९३७ मध्ये स्थापिलेल्या अखिल भारतीय संघाच्या नावात ‘सीमेन’ हा शब्द आहे, म्हणजे १८२३ च्या कायद्याने जो नाकारला होता नेमका तोच. १९३९ च्या शरदात, युद्ध सुरू होताच, लंडन व इतर बंदरांतील हिंदी खलाशांनी संप केला आणि वेतनात वाढ मिळविली.

लंडनच्या टॉवर हिलवर दोन्ही महायुद्धांत समुद्रात नाहीशा झालेल्या व्यापारी खलाशांची नावे धातूच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या हिंदी खलाशांची नावे मुंबई व चितगाव येथे ठेवलेल्या एकसारख्या दोन पुस्तकांत आहेत. त्यांत व्यापारी जहाजांवरील जवळजवळ ६,००० माणसे आहेत. मुंबईची प्रत मशीद बंदरानजीकच्या खलाशांच्या वसतिगृहात ठेवलेली आहे. त्या माणसांचा उल्लेख तेथे हिंदी व्यापारी नौदलाचे खलाशी असा केला आहे.