ग्रँडमास्टर, वय वर्षे अठरा

नाशिक म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांना गोदाघाट आठवतो, पंचवटी आठवते, द्राक्षं आणि चिवडा आठवतो. खेळाडूंचा विषय निघाला तर कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी. नाहीतर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्ही मारणारा चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ. पळणं, वल्हवणं.. म्हणजे अंगमेहनतीचे खेळ. बसून खेळायच्या खेळात नाशिकचं नाव आलं ते ऑक्टोबर २००८ मध्ये, आणि तेसुद्धा थेट व्हिएतनाममधून.

व्हुंग ताऊ नावाच्या तिथल्या समुद्रकाठच्या गावात जागतिक युवा बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. चौदा वर्षांखालच्या खुल्या गटात अकरापैकी नऊ गुण मिळवून पहिला आला तो नाशिकचा विदित संतोष गुजराथी. या गटाचं जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय. जन्म २४ ऑक्टोबर १९९४ चा, म्हणजे चौदावं वर्ष त्याच महिन्यात पूर्ण झालेलं. याच स्पर्धेत त्याचा इंटरनॅशनल मास्टरचा शेवटचा नॉर्मही झाला.

मंडळी, आता गंमत बघा. कुठल्याही हुशार पोराची गोष्ट आपण इथपर्यंतच सांगतो. कप हातात घेतलेला फोटो, शाळेत सत्कार, बाजूला आईवडील. गोष्ट संपली! मला मात्र त्यानंतरच्या पंधरा वर्षांचं जास्त कुतूहल आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

विदितचे आईवडील दोघेही डॉक्टर. शाळा नाशिकचीच, फ्रावशी अकॅडमी. २००६ साली आशियाई युवा स्पर्धेच्या बारा वर्षांखालच्या गटात चमकला आणि फिडे मास्टर झाला. फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना. तिच्या किताबांची उतरंड अशी की फिडे मास्टरच्या वर इंटरनॅशनल मास्टर आणि सगळ्यात वर ग्रँडमास्टर. २००९ मध्ये सोळा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत तो दुसरा आला. पहिला आला तो आपल्याच देशाचा सेतुरामन. म्हणजे घोडदौड चालू होती.

पण ग्रँडमास्टर व्हायला जानेवारी २०१३ उजाडला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. जगज्जेतेपद आणि हा किताब यांच्यात चार वर्षांहून जास्त काळ गेला.

इतका वेळ का लागावा? ज्यांना बुद्धिबळात फक्त घोड्याची अडीच घरं माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. ग्रँडमास्टर व्हायला दोन गोष्टी लागतात. एक, २५०० रेटिंग. दुसरी, तीन नॉर्म. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत साधारण नऊ डावांत २६०० च्या तोडीचा खेळ करून दाखवायचा, आणि तोही कुणाशी खेळून नाही. समोर ठरावीक संख्येने ग्रँडमास्टर हवेत, परदेशी खेळाडू हवेत. घरच्या मैदानावर घरच्याच लोकांना हरवून नॉर्म मिळत नाही. आता नाशिकात त्या काळी परदेशी ग्रँडमास्टर कुठून येणार? म्हणजे दिल्ली, चेन्नई, कोलकाता, नाहीतर सरळ परदेश. प्रवास, हॉटेल, बुडालेली शाळा, वर प्रशिक्षकाचा खर्च. एवढं करून शेवटच्या फेरीत अर्धा गुण कमी पडला की नॉर्म हुकला, सामान बांधा आणि घरी या. हे मुलाने तर सोसायचंच, घरानेही सोसायचं.

आता इतिहासाकडे येऊ, कारण मला खरं जे म्हणायचंय ते तिथे आहे.

विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला १९८८ मध्ये. वय अठरा. दुसरा दिब्येंदू बरुआ, १९९१ मध्ये. तिसरे आपले मुंबईचे प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये. ठिपसे यांचा जन्म १९५९ चा, म्हणजे किताब मिळाला तेव्हा वय अडतीसच्या घरात! पुण्याचा अभिजित कुंटे २००० साली झाला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आणि महाराष्ट्रात त्याआधी बुद्धिबळ नव्हतं असं मुळीच नाही. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून पिढ्या घडवल्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी वासंतीताईंनी १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी यांनी ते विजेतेपद वर्षानुवर्षं घरातच ठेवलं. बुद्धी होती, जिद्द होती. रस्ता नव्हता.

मग रस्ता झाला. डावांचे डेटाबेस आले, घरातल्या संगणकात जगज्जेत्यापेक्षा बलवान इंजिन आलं, भारतात परदेशी खेळाडूंच्या खुल्या स्पर्धा वाढल्या. त्याबरोबर वय खाली घसरू लागलं. १९५८ मध्ये बॉबी फिशर पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला तेव्हा जग थक्क झालं होतं. २००६ मध्ये दिल्लीचा परिमार्जन नेगी तेराव्या वर्षी झाला. २०१८ मध्ये प्रज्ञानंद आणि २०१९ मध्ये गुकेश, दोघेही बाराव्या वर्षी. म्हणजे विदित ज्या वयात फिडे मास्टर होता त्या वयात ही पोरं ग्रँडमास्टर!

अठरा वर्षं हा आकडा १९८८ मध्ये इतिहास होता. २०१३ मध्ये ती चांगली बातमी होती, कारण तोवर देशात तीसच्या आसपास ग्रँडमास्टर झाले होते. आज कुणी अठराव्या वर्षी झाला तर काही लोक म्हणतात, "जरा उशीरच झाला नाही का?" मुलं तितकीच हुशार आहेत हो. मोजपट्टी तेवढी आखूड झाली.

हे मी उगाच लिहीत नाहीये. आमच्या नात्यातला एक नऊ वर्षांचा गडी वर्षभर बुद्धिबळ खेळतोय. आवडीने खेळतो, हरला की रडतो, परत पट मांडतो. मागच्या महिन्यात एका जाणत्या गृहस्थांनी त्याच्या आईला सांगितलं की बाराव्या वर्षापर्यंत काही झालं नाही तर सोडून द्या, नंतर काही होत नाही. ती बिचारी तेव्हापासून कॅलेंडरच बघत बसलीय. "मावशी, तीनच वर्षं राहिली" असा तिचा फोन! पोर नऊ वर्षांचं आणि आईला वाटतंय वेळ संपत आली.

तिला मी विदितच्या मधल्या वर्षांचा हिशेब सांगितला, तोच इथे मांडते.

रेटिंग एकदा २४०० च्या वर गेलं की नियमाप्रमाणे ते मुंगीच्या पावलांनी वाढतं. आपल्याच तोडीच्या माणसाला हरवलं तर पाच गुण मिळतात. बरोबरी झाली तर शून्य. हरलं तर पाच गेले. आता २५०० वरून २७०० ला जायचं तर दोनशे गुण हवेत. म्हणजे जितके डाव हराल त्यापेक्षा चाळीस जास्त जिंकायचे, आणि समोर बसलेला दर वेळी तुमच्याइतकाच तयार! विदितने हे अंतर चार वर्षांत कापलं. २०१३ मध्ये जागतिक ज्युनिअर स्पर्धेत कांस्य मिळालं. २०१७ मध्ये आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्ण यांच्यानंतर २७०० ओलांडणारा तो चौथा भारतीय झाला. २०१८ मध्ये विक आन झी इथली चॅलेंजर्स स्पर्धा जिंकली, २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बीलची. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये तो भारताचा कर्णधार होता आणि भारत-रशिया संयुक्त विजेते ठरले. यातलं काहीही बाराव्या वर्षाच्या आत झालेलं नाही.

आणि २०२३ साल तर ऐकाच. ऑगस्टमध्ये बाकूच्या विश्वचषकात त्याने नेपोम्नियाचीसारख्याला घरी पाठवलं, आणि पुढच्याच फेरीत, उपांत्यपूर्व सामन्यात, अबासॉव्हकडून हरला. तो अबासॉव्ह पुढे कँडिडेट्स स्पर्धेत पोचला, विदित राहिला. कँडिडेट्स म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी आठ जणांची स्पर्धा. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात तसं. मग ऑक्टोबरच्या शेवटी आइल ऑफ मॅन बेटावर ग्रँड स्विस स्पर्धा. तिथून दोनच जणांना कँडिडेट्सचं तिकीट. एकोणतिसावा वाढदिवस नुकताच झालेला, आणि पहिल्याच फेरीत हा पठ्ठ्या हरला! अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत पहिलाच डाव गेला की बहुतेकांचं मन तिथेच बसतं. याने उरलेल्या दहा डावांत साडेआठ गुण केले आणि स्पर्धा जिंकली. त्याच वेळी महिलांच्या गटात वैशाली पहिली आली.

एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला आठ जणांत तीन भारतीय बसले होते. गुकेश सतरा वर्षांचा, प्रज्ञानंद अठरा वर्षांचा आणि आपला विदित एकोणतीस वर्षांचा. सत्तेचाळीस डाव न हरलेल्या नाकामुराला त्याने दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी हरवलं, आणि परतीच्या डावात पुन्हा हरवलं. स्पर्धा मात्र त्याला जमली नाही. चौदापैकी सहा गुण, सहावा क्रमांक. जिंकला गुकेश. हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर ही सत्कारातल्या भाषणासारखी गोष्ट होईल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला भारताने ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकलं, त्या संघात मात्र गुकेश आणि प्रज्ञानंदबरोबर विदितही होता. बारावं वर्ष गाठणारे आणि न गाठणारे, एकाच रांगेत सुवर्णपदक घालून उभे.

उलटी उदाहरणंही आहेतच. तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेल्या परिमार्जन नेगीने पुढे शिक्षणाची वाट धरली, स्टॅनफर्डला गेला. ते काही अपयश नव्हे, त्याने निवडलेलं आयुष्य आहे. आणि नागपूरची दिव्या देशमुख! २०२५ मध्ये महिला विश्वचषकाला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. एकोणिसाव्या वर्षी कप जिंकला आणि किताब त्याच्याबरोबरच चालत आला.

म्हणून भाचीला सांगितलं, वय कुणाचं केव्हा आलं ते त्या काळच्या रस्त्यावर अवलंबून असतं. ठिपसे यांना कुणी बारा वर्षांची अट घातली असती तर आपल्याला तिसरा ग्रँडमास्टर कधी मिळाला असता कोण जाणे. पोराला पट मांडावासा वाटतोय ना? मग मांडू दे. नाही वाटला तर पेटीत ठेवू दे, पण ते त्याने ठरवू दे, कॅलेंडरने नाही. खर्चाचं आणि शाळेचं गणित मात्र डोळे उघडे ठेवून करा. ते सोपं नाही, आणि सोपं आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरात कुणी पट मांडून बसलेलं असेल, तर त्याचं काय चाललंय ते जरूर कळवा. आणि हो, त्याचं वय विचारणार नाही मी!