'होणे' आणि 'येणे' : ईश्वराची सत्ता व भविष्य

निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे ईश्वराला त्याचे नाव विचारतो. उत्तरात येणारे 'एह्ये' हे हिब्रू क्रियापद अपूर्ण क्रियेचे रूप आहे. त्याचा अर्थ 'मी आहे' असा होतो, तसाच 'मी असेन' असाही होतो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील ग्रीक अनुवादकांनी त्या नावासाठी 'असणारा' या अर्थाचे धातुसाधित योजले. भविष्याकडे झुकू शकणारे नाव त्यामुळे निखळ सत्तावाचक झाले आणि ग्रीक तत्त्वज्ञानातील अविकारी सत्तेशी त्याची सांगड घालणे पुढील पिढ्यांना सुकर झाले. ईश्वराची सत्ता आणि भविष्य यांच्या संबंधाचा ख्रिस्ती इतिहास या अनुवादाच्या छायेत घडलेला आहे.

ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या प्रकरणात काळाला सृष्टीबरोबरच निर्माण झालेला मानले. ईश्वराला त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर' उरले नाही. सहाव्या शतकात बोएथियसने शाश्वततेची व्याख्या अनंत जीवनाची एकसमयावच्छेदेकरून असलेली पूर्ण प्राप्ती अशी केली. या दृष्टीने भविष्य हे केवळ मानवी मर्यादेचे नाव ठरते. ईश्वरापुढे ते उलगडलेलेच असते. या भूमिकेची भव्यता नाकारता येणार नाही. परंतु तिची किंमतही मोठी आहे. चित्र पूर्णच असेल, तर त्यातील पीडिताच्या आक्रोशाने त्यात काय बदलणार?

विसाव्या शतकातील उलथापालथीची पूर्वतयारी बायबल-चिकित्सेने केली. योहानेस वाइस (1892) आणि आल्बर्ट श्वाइट्झर (1906) यांनी दाखवून दिले की, येशूच्या उपदेशातील 'ईश्वराचे राज्य' ही सावकाश विकसित होणारी नैतिक संस्कृती नसून जगाचा अंत घडवीत येणारी घटना आहे. कार्ल बार्थने रोमकरांस पत्रावरील आपल्या भाष्याच्या दुसऱ्या आवृत्तीत (1922) युगान्तविचाराला केंद्रस्थान दिले खरे. तथापि तेथे शाश्वतता प्रत्येक क्षणाला वरून छेदते. अंत हा पुढचा काळ न राहता क्षणाची उंची होतो.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न युर्गेन मोल्टमान (1926–2024) यांच्या 'आशेची ईश्वरविद्या' (1964) या ग्रंथात दिसतो. 1943 च्या हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षावातून वाचलेला आणि 1948 पर्यंत युद्धकैदी असलेला हा विचारवंत एर्न्स्ट ब्लॉख या मार्क्सवादी तत्त्वज्ञाच्या आशाविचाराशी संवाद साधत होता. ईश्वर आपल्या वर किंवा आत नसून पुढे आहे, आणि म्हणून आशा ही वर्तमानाशी केलेली असहमती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही ब्लॉखच्या तत्त्वाला दिलेली बाप्तिस्म्याची दीक्षाच नव्हे काय, असा प्रश्न बार्थने त्याच वर्षी एका पत्रातून त्यांना विचारला. वोल्फहार्ट पानेनबर्ग (1928–2014) यांनी सत्तामीमांसेच्या दृष्टीने अधिक धाडसी पाऊल टाकले. ईश्वराचे ईश्वरत्व त्याच्या राज्यसत्तेपासून वेगळे करता येत नाही. ते राज्य अद्याप पूर्णत्वाने आलेले नाही. म्हणून एका मर्यादित अर्थाने ईश्वरही अद्याप नाही, अशी मांडणी त्यांनी 1969 मध्ये केली.

मग ईश्वर काळाबरोबर घडत जातो काय? व्हाइटहेडच्या प्रक्रियावादाने (1929) ईश्वराच्या ठायी घडणे मान्य केले होते. मोल्टमानना ते मान्य नव्हते. 1995 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी 'फुतुरुम' आणि 'आद्वेंतुस' असा भेद केला. पहिले वर्तमानातून निपजते. दुसरे वर्तमानाकडे चालून येते. त्यांचा आधार प्रकटीकरणाच्या आरंभीचा आहे. तेथे ईश्वर 'आहे' आणि 'होता' असे म्हटल्यावर 'असेल' हे रूप अपेक्षित असते. ग्रीक संहितेत मात्र 'येणारा' हा शब्द येतो.

मराठी वाचकाला हा भेद ग्रीक-लॅटिनवाचून कळू शकतो. 'फुतुरुम'मधील धातू आणि आपला 'भू' एकाच मूळचे आहेत. 'भविष्य', 'भावी', 'भवितव्य' ही सारी होण्याच्या कुळातील रूपे. म्हणूनच भविष्य 'सांगता' येते आणि होणारे चुकत नाही असे आपण म्हणतो. याउलट योगसूत्रांनी व बौद्ध परंपरेने वापरलेला 'अनागत' हा शब्द अद्याप न आलेल्याचा आहे. जर्मन 'त्सुकुन्फ्ट'मध्येही 'येणे' हाच धातू आहे. त्याचे भाषांतर सरसकट 'भविष्य' असे केले, तर मोल्टमान नकळत प्रक्रियावादी ठरतात. सेप्तुआगिंताच्या अनुवादकांनी ज्या वळणावर एक वाट धरली, त्याच वळणावर आपण पुन्हा उभे असतो.

साहित्यसमीक्षेलाही या भेदाचे सोयरसुतक असावे. फ्रँक कर्मोडने (1967) अंताची कल्पना कथेच्या मध्याला सुसंगती देते असे दाखविले; पण त्याच्या लेखी अंत ही जाणीवपूर्वक स्वीकारलेली कल्पितकथा आहे. पानेनबर्ग यांच्या विचारात अंत कथेचा अर्थ पूर्ण करतो. मोल्टमान यांच्या विचारात तो कथेला हरकत घेतो, कारण कथेतील मृतांना न्याय मिळालेला नसतो. शेवटाने सुसंगती द्यावी की न्याय मागावा, या प्रश्नाचे उत्तर रचनातत्त्वांच्या चर्चेतून मिळण्यासारखे नाही. आपण अंताकडे 'होणारे' म्हणून पाहतो की 'येणारे' म्हणून, यावर ते अवलंबून आहे.