कुलूप लागलेलं हॉस्पिटल

2006 साली मला चिकुनगुनिया झाला. ताप तीन दिवसांत उतरला, पण पुढचे सात महिने सकाळी बोटं वळत नव्हती. सलाईनची बाटली टांगायला हात वर केला की मनगटातून कळ जायची. पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेली मी सिस्टर, ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी केसपेपर चाळला आणि म्हणाले, "सिस्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. फार मनावर घेऊ नका." तेव्हापासून त्या ‘मनावर’शी माझं वैर आहे.

निवृत्तीनंतर या वैरापायीच वाचत सुटले आणि लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलपाशी येऊन थांबले. हे हॉस्पिटल आपल्याला अगदीच परकं नाही. डॉक्टरकी शिकणाऱ्या बायकांना वॉर्डात उभं राहू देणारं लंडनमधलं हे पहिलं, 1877 पासूनचं. आपल्या डॉ. रखमाबाई रोगी तपासायला शिकल्या त्या याच वॉर्डांत.

13 जुलै 1955 रोजी तिथली एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर आजारी पडून दाखल झाल्या. घसा धरलेला, डोकं ठणकतंय, ताप बेताचा, मानेच्या गाठी सुजलेल्या आणि हातापायांत त्राण नाही. बारा दिवसांत कर्मचाऱ्यांतला आकडा सत्तरच्या वर गेला आणि 25 जुलैला हॉस्पिटल बंद करावं लागलं. ते उघडलं 5 ऑक्टोबरला. एकूण 292 कर्मचारी आजारी पडले, त्यांतले 255 दाखल करण्याइतके. आधीपासून खाटेवर असलेले रोगी मात्र जेमतेम 12. (कुलूप असतानाच, 25 सप्टेंबरला, इकडे रखमाबाई गेल्या. निव्वळ योगायोग, पण दोन्ही तारखा वहीत शेजारी-शेजारी आल्या तेव्हा पेन थांबलं.)

जंतू सापडला नाही. काही जणींचा थकवा मात्र वर्षानुवर्षं गेला नाही. तिथले संसर्गरोगतज्ज्ञ मेल्विन रॅम्से त्यांना तपासत राहिले.

मग 1970 साली मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की ही साथ म्हणजे सामूहिक हिस्टेरिया. कारणं काय? बाधितांत बायका जास्त, ताप किरकोळ आणि कुरकुर मोठी, तपासण्यांत काही नाही. हिस्टेरिया हा शब्दच मुळात गर्भाशयाच्या ग्रीक शब्दावरून आलेला. दोघांतला मॅकएव्हेडी इतिहासाचे नकाशे काढण्यातही नावाजलेला. दुरून पाहायची सवय असावी. या दोघांनी जुने केसपेपर वाचले. साथीतल्या एकाही बाईला त्यांनी तपासलं नव्हतं.

त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ होता असंही मी म्हणणार नाही. नर्सेस हॉस्टेलमध्ये एकत्र राहतात, एका मेसमध्ये जेवतात. तिथे जंतू पसरतो तशी धास्तीही पसरते; नाईट ड्यूटीला मी दोन्ही पाहिलंय.

मनाचा भाग शोधायचाच, तर अमेरिकेत इम्बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला तसा शोधावा. फोर्ट डेट्रिकच्या लष्करी तळावरच्या सुमारे 600 जणांच्या मानसिक चाचण्या त्यांनी घेतल्या, त्याही 1957 चा आशियाई फ्लू येण्याआधी. पुढे 26 जणांना फ्लू झाला. तीन आठवड्यांनंतरही 12 जण सावरले नव्हते, आणि खचण्याकडे कल असल्याचं आधीच्या चाचण्यांत दिसलं होतं ते बहुतेक यांच्यातच. सव्वीस म्हणजे फार नव्हेत. पण निदान आजारानं खचलेल्या माणसाला ‘तू खचलास म्हणून आजारी’ असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

हे वाचताना माझ्याच वॉर्डातली एक मुलगी आठवली. काविळीची. डोळ्यांतला पिवळेपणा गेला, रक्ताचे रिपोर्ट सुधारले, तरी भिंतीकडे तोंड करून पडून असायची, उठवलं की म्हणायची, "सिस्टर, पाय उचलतच नाहीत." हँडओव्हर देताना मी पुढच्या सिस्टरला हसत सांगितलं होतं, "अकरा नंबर, कावीळ उतरलीय, आता नुसते लाड." आणि रिपोर्ट बुकात रोजच्यासारखं लिहिलं होतं, ‘नो फ्रेश कंप्लेंट्स’.